पुस्तक अर्ध्यात मिटलंत ना ताई, आता परत उघडा

पत्र सांगलीहून आलंय, बरंच मोठं आहे, म्हणून आवरून देते.

"मी बँकेतून रिटायर झालेय. मुलीने वाढदिवसाला सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' ही इंग्रजी कादंबरी दिली. 1921 ची मुंबई, परवीन मिस्त्री नावाची पारशी वकीलबाई, मलबार हिलवरच्या बंगल्यात पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा, आणि खून. रहस्यकथा मला लहानपणापासून आवडतात, अधाशासारखी वाचत सुटले. मग गोष्ट मधेच 1916 मध्ये जाते, परवीन लग्न करून कलकत्त्याला सासरी जाते आणि तिथे पाळीच्या दिवसांत तिला एका खोलीत ठेवतात. तिथे मी पुस्तक मिटलं. आजोळी आम्ही मागच्या पडवीत बाजूला बसायचो, वेगळं अंथरूण, वेगळं ताट, तांब्यासुद्धा वेगळा, सगळं आठवलं. त्यातून माझे दीर, ते शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणाले 1921 मध्ये मुंबईत कुठली आलीय बाई वकील, आजच्या बायकांना खूश करायला असलं लिहितात. तेव्हापासून मजाच गेली. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात याच पुस्तकावर बोलायचं कबूल करून बसलेय. इंग्रजी वाचन सावकाश आहे, शब्द अडला की फोनमध्ये बघते आणि गोष्टीचा धागा सुटतो. पुढे वाचू की सोडू? आणि मजेसाठी घेतलेल्या पुस्तकाने एवढा त्रास का द्यावा?"

ताई, वाचा. सोडू नका. तुम्ही जिथे थांबलात तिथूनच ही कादंबरी खरी सुरू होते असं माझं मत आहे, आणि तुम्हाला झालेला त्रास म्हणजे तुम्ही ती नीट वाचताय.

आधी त्या खोलीचं बोलू, कारण बाकीचे प्रश्न त्यामानाने सोपे आहेत. कावळा शिवला म्हणून बाजूला बसलेली पिढी अजून आपल्या घराघरांत आहे, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी सांगतात की तेव्हा काही वाटायचं नाही, उलट कामातून सुटका मिळायची, गोष्टींची पुस्तकं वाचायला मिळायची. आणि मग कधीतरी साठीत एखादं पुस्तक वाचताना एकदम घशाशी येतं. तुमचं तसंच झालं असणार. परवीन मुंबईत शिकलेली, वडील वकील, घरी लाडाची, तिच्या माहेरी हे पाळत नाहीत, आणि प्रेमात पडून लग्न करून गेली तर सासरी एका कोंदट खोलीत बसायचं, कुणाला शिवायचं नाही, आंघोळ नाही. पडवीत तुमच्यासोबत निदान मावश्या, मामेबहिणी असतील, हिला तिथे कुणीच नाही. ते वाचून पुस्तक मिटावंसं वाटणारच.

पण एक बघा. लेखिकेने दोन काळ आलटून पालटून ठेवलेत, 1921 आणि 1916. त्यामुळे त्या खोलीत परवीन बसलेली असताना तुम्हाला एक गोष्ट माहीत असते जी तिला स्वतःला माहीत नसते, की पाच वर्षांनी ही बाई फोर्टमध्ये ब्रूस स्ट्रीटवर वडिलांच्या ऑफिसात बसून मृत्युपत्रं आणि करार तपासणार आहे, हातात चामड्याची ब्रीफकेस घेऊन. म्हणजे ती तिथून सुटलीय. कशी सुटली आणि त्याची काय किंमत पडली एवढंच कळायचं बाकी आहे. हे मनाशी धरून ती प्रकरणं वाचा, रात्री झोपताना नको, दुपारी वाचा, आणि फारच जड झालं तर पुढचं 1921 चं प्रकरण आधी वाचून परत मागे या, कुणी विचारायला येत नाही. पण ती प्रकरणं पूर्ण गाळू मात्र नका. पहिल्याच प्रकरणात ऑफिसच्या बाहेर तो अनोळखी बंगाली माणूस दिसल्यावर परवीन एवढी का दचकते हे त्याशिवाय कळत नाही, आणि मलबार हिलच्या बंगल्यात पाऊल टाकल्यावर ती ज्या नजरेने सगळं बघते ती नजर तिला कुठून आली तेही कळत नाही.

आता भाऊजींचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा चूक, आणि जो चूक आहे तो चांगला सविस्तर सांगण्यासारखा आहे म्हणून जरा वेळ घेते.

बरोबर काय, तर परवीन काल्पनिक आहे, आणि मुंबई हायकोर्टात वकिली करायची परवानगी मिळालेली पहिली बाई 1924 मधली, मिठन टाटा, पुढे त्या मिठन लॅम झाल्या. लंडनला लिंकन्स इनमधून 1923 मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि 1947 मध्ये मुंबईच्या शेरीफ, त्या पदावरची पहिली बाई. त्याआधी 1919 मध्ये आई हेराबाई टाटांबरोबर त्या लंडनला गेल्या होत्या, हिंदुस्थानातल्या बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडायला. तर हिशोबाने परवीन दोन-तीन वर्षं लवकर आलीय, हे भाऊजींना मोकळेपणाने देऊन टाका.

चूक काय, तर "कुठली आलीय". ताई, कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या! 1866 चा जन्म. वडील पारशातून ख्रिस्ती झालेले, आईने पुण्यात शाळा काढल्या. डेक्कन कॉलेजात शिकल्या, परीक्षेत पहिल्या आल्या, आणि विलायतेला जायची जी सरकारी स्कॉलरशिप त्या नंबरावर मिळायला हवी होती ती बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होत्या, आणि 1889 मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोचल्या. 1892 मध्ये कायद्याची बीसीएलची परीक्षा दिली, अशी परीक्षा देणारी ऑक्सफर्डमधली पहिली बाई, पण डिग्री हातात पडली नाही, कारण ऑक्सफर्डने बायकांना डिग्र्या द्यायला सुरुवातच 1920 मध्ये केली. मधली सगळी वर्षं ही बाई कायदा शिकलेली आणि तरी कोर्टात उभी राहू न शकणारी. 1904 पासून त्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे लहान वारसांच्या आणि बायकांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे काम करत होत्या, बंगाल, बिहारकडच्या इस्टेटींमध्ये, जिथे जमीनदारणी आणि राण्या पडद्यात असायच्या, परक्या पुरुषाला तोंड दाखवायचं नाही, मग वकिलाशी बोलणार कशा? वकील पुरुषच. मधे कुणीतरी कारभारी, दिवाण, दीर, तो सांगेल ते खरं. अशा शेकडो बायकांच्या घरात शिरून कॉर्नेलिया त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकायच्या. (स्वातंत्र्य चळवळीला त्यांचा विरोध होता, हेही कट्ट्यावर कुणी काढेल, तेव्हा माहीत असू द्या.) मिठन आणि कॉर्नेलिया या दोघींवरून परवीन सुचली असं लेखिकेने स्वतःच सांगितलंय.

आणि 1921 हेच साल का, हे तर भाऊजींना मुद्दाम सांगा, इतिहासाच्या मास्तरांना आवडेल. 1916 मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने फेटाळला होता, बाई वकील होऊ शकत नाही म्हणून. 1921 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियांना वकील म्हणून नोंदवून घेतलं, आणि त्याच वर्षी पाटणा हायकोर्टाने सुधांशुबाला हाजरा यांना नाही म्हटलं. एकाच देशात एकाच वर्षात एक कोर्ट हो म्हणतंय आणि एक नाही! शेवटी 1923 मध्ये कायदा झाला की केवळ बाई आहे म्हणून कुणाला वकिलीपासून अडवता येणार नाही. परवीन बरोबर त्या घोळाच्या मधे उभी आहे, म्हणून ती कागदपत्रं करते पण कोर्टात युक्तिवाद वडीलच करणार, जमशेदजी. तिला भरमसाट स्वातंत्र्य देऊन ठेवलंय असं मुळीच नाहीये, तिला कुठपर्यंत जाता येतं त्याची रेघ लेखिकेने फार जपून आखलीय.

आणि गंमत अशी की अख्खं रहस्य त्या रेघेवरच चालतं. कोर्टात तिला उभं राहता येत नाही, पण त्या बंगल्याच्या जनानखान्यात मुंबईतल्या कुठल्याच पुरुष वकिलाला शिरता येत नाही, पोलिसालाही नाही, आणि ही शिरू शकते. बाकीच्या डिटेक्टिव्ह गोष्टींत नायक हुशार असतो म्हणून त्याला उलगडा होतो. इथे परवीन हुशार आहेच, पण आधी ती त्या खोलीत बसू शकते, म्हणून तिला ऐकू येतं. मला या मालिकेत सगळ्यात जास्त हेच आवडतं.

ती सहीची जागा परत काढून वाचा. गिरणीमालक उमर फरीद वारलेत, रझिया, सकीना आणि मुमताज या तीन बायका मागे आहेत, आणि ऑफिसात कागद येतो की तिघींनी आपापला हक्क एका वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला देऊन टाकलाय. मेहेर म्हणजे निकाहाच्या वेळी ठरलेला बायकोचा स्वतःचा पैसा, विधवेला तर पुढच्या आयुष्याचा तोच आधार, आणि तो तिघी एकदम सोडतायत. परवीन कागद बघते तर एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारलीय. म्हणजे जिला बहुतेक वाचताच येत नाही तिने काय वाचून हे लिहून दिलं? तुम्ही बँकेत होतात ताई, तुम्हाला हे मी काय सांगणार, अंगठा उठवणारी आजीबाई आणि तिच्या शेजारी उभा राहून "हो हो, तिला सगळं सांगितलंय" म्हणणारा पुतण्या तुम्ही काउंटरच्या आतून नक्की बघितला असेल. त्या घरात पुतण्याच्या जागी कारभारी आहे, फैजल मुक्री. परवीनने त्या फुलीकडे बघून जे केलं, म्हणजे प्रत्येकीशी स्वतंत्र बोलायचा आग्रह धरला, ते तुमच्या नोकरीतलंच काम आहे. कट्ट्यावर हा प्रसंग वाचून दाखवा. खून कुणी केला त्याच्याजवळही जायला लागत नाही आणि पुस्तक कशाबद्दल आहे ते सगळ्यांना कळतं.

पुढच्या प्रकरणांसाठी एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवते, शेवट फुटत नाही. त्या वेळी पारशांचं लग्न आणि घटस्फोट 1865 च्या कायद्याने चालायचे, आणि निकाल द्यायला जजबरोबर पारशी समाजातलेच डेलिगेट बसायचे. बायकोने व्यभिचार केला की नवऱ्याला घटस्फोट. बायकोला मात्र तेवढं सोपं नव्हतं, नवऱ्याचे संबंध वेश्येशी असतील तर ते कायद्याच्या त्या कलमात धरतच नव्हते, कलमात तसं सरळ लिहिलेलं होतं. मग मारहाण झालेली, आजार घेऊन आलेली बायको काय करणार? फार तर वेगळं राहायची परवानगी, म्हणजे नवऱ्यापासून लांब, पण दुसरं लग्न नाही. तो कायदा बदलला 1936 मध्ये. हे माहीत असलं की परवीनच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरची काळजी वेगळी दिसते, आणि ती 1921 मध्ये कुणाशीही चार शब्द जास्त बोलताना का सावध असते तेही.

आपल्याकडे रखमाबाईंचं प्रकरण यापेक्षाही जुनं. लहानपणी लग्न झालेलं, नांदायला जायला नकार दिला, नवरा कोर्टात गेला, 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद, आणि त्या म्हणाल्या कैद चालेल. पुढे दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. तेव्हा भाऊजींना असं वाटत असेल की चारचौघींसारखी न वागणारी बाई हे आजच्या काळाचं खूळ आहे, तर त्यांना परवीन मिस्त्री नका दाखवू, रखमाबाई दाखवा. अशा बायका होत्या. थोड्या होत्या, आणि प्रत्येकीला जबर मोजावं लागलं, आणि लेखिकेने ते मोजणं लपवलेलं नाही म्हणून मला ही नायिका खरी वाटते. ऐतिहासिक रहस्यकथांत कधीकधी नायिका अशी असते की तिला तिच्या काळाचं काहीच लागत नाही, वाटेल तिथे फिरते, वाटेल त्याला टाकून बोलते आणि घरी येऊन जेवते. तसल्या पुस्तकाला भाऊजी हसले असते तर मीही त्यांच्या बाजूने बोलले असते.

इंग्रजीचं म्हणाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खरंच. अडलेला शब्द पेन्सिलने अधोरेखित करा आणि पुढे जा, प्रकरण संपलं की वाटल्यास बघा, निम्मे शब्द तोवर आपोआप कळलेले असतात. आणि एक तुमच्या फायद्याचं आहे. लेखिका अमेरिकेत वाढलेली, पुस्तक आधी तिकडच्या वाचकांसाठी, त्यामुळे धनसाक म्हणजे काय, अग्यारी म्हणजे काय, सुदरेह-कुस्ती म्हणजे काय, हे ती जागोजागी समजावत बसते. तुम्हाला त्याची गरज नाही, ते परिच्छेद सरळ नजरेखालून काढा. दादरची पारशी कॉलनी तेव्हा नवी नवी वसत होती, मिस्त्री कुटुंब तिथे राहतं, गेटवे ऑफ इंडियाचं काम तेव्हा चालू होतं, ते 1924 मध्ये खुलं झालं, आणि ब्रूस स्ट्रीट म्हणजे आताची होमी मोदी स्ट्रीट. मुलगी मुंबईला असेल तर एकदा फोर्टात तिच्याबरोबर फिरून या, पुस्तक वाचून झाल्यावर, आधी नको.

पुस्तकात खोट नाही असंही नाही. खुनाचा तपास मधे ढिला पडतो, आणि परवीनची ऑक्सफर्डची मैत्रीण अ‍ॅलिस, गणितवाली, तिचे वडील गव्हर्नरच्या इतके जवळचे असणं जरा जास्तच सोयीचं आहे, हवी ती ओळख हव्या त्या वेळी निघते. पक्क्या रहस्यवाल्या वाचकाला गुन्हेगार कोण याचा अंदाज लवकर येऊही शकतो. तुम्ही जर फक्त कोडं सोडवायला बसलात तर थोडी निराशा होईल. पण मला नाही वाटत तुम्ही त्यासाठी वाचताय, तसं असतं तर कलकत्त्याच्या खोलीपाशी थांबला नसतात, पानं उलटून पुढे खुनापाशी गेला असतात.

मजेचं पुस्तक आणि त्रास कसा, असं विचारलंत. मजा म्हणजे फक्त हलकं वाटणं असं मला नाही वाटत. तीन बायकांपैकी प्रत्येकीची भीती वेगळी आहे, स्वभाव वेगळा आहे, मुमताजला गाण्याबजावण्याची ओढ, रझियाच्या अंगावर मोठेपणाची जबाबदारी, आणि परवीनला स्वतःच्या सासरचा अनुभव त्यांच्यावर लादून चालत नाही, पडदा दिसला की तुरुंगच असणार असं धरून चालली तर तिचाच तपास चुकेल. स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून समोरच्या बाईचं ऐकायचं, आणि तरी त्याच दुखण्यामुळे तिचं न बोललेलं ओळखायचं, हे ती पानोपानी करते आणि ते बघत राहण्यात केवढी मजा आहे! तुम्ही पडवीत बसलेल्या आहात, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त दिसेल.

कट्ट्यावर पडवीचं बोलायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. बोललात तर अजून दोन-तीन जणी बोलतील असा माझा अंदाज आहे, पण बोललंच पाहिजे असं काही नाही, त्या फुलीवरसुद्धा तासभर गप्पा होतात. भाऊजींना पुढच्या दिवाळीत मालिकेतला तिसरा भाग द्या, 'द बॉम्बे प्रिन्स', त्यात नोव्हेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला तेव्हाचे दंगे आहेत, आणि ते दंगे खरे झालेले आहेत, त्यांना पडताळून बघायला भरपूर मिळेल.

आणि तुम्ही स्वतः यानंतर दुसरा भाग घ्या, 'द सातापूर मूनस्टोन'. सह्याद्रीतलं एक काल्पनिक संस्थान, कोल्हापूर एजन्सीच्या देखरेखीखालचं, लहान वयाचा राजा, पडद्यातल्या दोन राण्या, सासू आणि सून, आणि मुलाने शिकायला कुठे जायचं यावरून दोघींचं भांडण. ते सोडवायला परवीनला पालखीत बसवून जंगलातून पाठवतात, कारण पुरुष अधिकाऱ्याला राण्यांशी बोलता येत नाही. तुमची सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, तुमच्या आजी-पणजीने दरबारातल्या गोष्टी सांगितल्या असतील. सातापूरचा राजवाडा तुम्हाला खरा वाटला का ते मला वाचून झाल्यावर जरूर लिहा.